टायरांवरचा डोंगा

बाबा, तुमच्या अंगणात पुन्हा एक डोंगा येऊन पडला आहे. लाकडाचा नाही, प्लास्टिकचा. पिवळा जर्द, एका माणसापुरता, दोन्ही टोकांना निमुळता. तुमच्या नातीने आणला. तुम्ही तिला पाहिलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मीच फ्रॉक घालत होते. कुठलंसं नौकाविहाराचं ठिकाण बंद पडलं, तिथला हा जुना माल. दिवाळीच्या तोंडावर टेम्पोत घालून आली आणि म्हणाली, "आई, कयाक आहे हे." माझ्या आईने दारातून एकदा पाहिलं आणि आत निघून गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

पोरगी मत्स्यशास्त्र शिकली आहे. गावच्या बायांचा गट धरून तिला आपल्या तलावात पुन्हा शिंगाडा लावायचा आहे, काठाने माजलेलं बेशरमाच्या झुडपांचं रान काढायचं आहे. सध्या ती प्रशिक्षणाला बाहेर आहे, होळीला येईल. जाताना तिने मला बजावलं, की डोंगा हिवाळाभर नीट ठेव आणि होळीनंतर मला पाण्यात उतरू दे. मी म्हटलं, ठेवते. पण पाण्यात उतरायचं ते आजीने हो म्हटलं तरच. पोरीचा चेहरा पडला. आजी हो म्हणणार नाही हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

ठेवायचं कसं, ते ती रोज फोनवर सांगायची. जमिनीवर सपाट ठेवू नको, पोटाला पोचा पडतो. उन्हात ठेवू नको, प्लास्टिक ठिसूळ होतं. दोरीने करकचून बांधू नको. करडी गावच्या पंक्चरवाल्याकडून मी दोन जुने टायर आणले आणि गोठ्याच्या भिंतीला, जिथे दिवसभर सावली असते तिथे, त्यांच्यावर तो कुशीवर टेकवून ठेवला. बुचं उघडून आतलं पाणी काढलं, चांगला वाळवला, मग उंदीर-मुंग्या शिरू नयेत म्हणून बुचं पुन्हा घट्ट लावली. वरून जुनं लुगडं टाकलं. हे सगळं करताना तुमचीच आठवण येत होती. तुमची रीत अगदी उलटी होती ना.

मार्गशीर्ष लागला, शिंगाडा संपला, की तुम्ही तुमसरच्या राइस मिलमध्ये कामाला जायचात. जाण्याआधी डोंगा काठाजवळ आणायचा, एकेक गोटा आत ठेवायचा, आणि तो हळूहळू खाली चिखलात जाऊन बसायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भोकाड पसरलं होतं. डोंगा काहून बुडवला, म्हणून. तुम्ही माझ्यावर खेकसलात, "बुडवला नोको म्हणू. निजवला म्हण." मग माझं नाक आपल्या धोतराने पुसून म्हणालात, "हिवाळ्याचा वारा लाकूड खाते बाई. बाहेर ठेवला तं तडकते. पाण्यात ऱ्हायला का जिवंत ऱ्हायते." होळीला तुम्ही परत येता, आपण दोघं काठावर उभे आहोत, तुम्ही पाण्यात हात घालून गोटे काढता आणि मी ते मोजायच्या नादात चुकते. शेवटचा गोटा निघाला की डोंगा अंग झटकून वर येतो. एवढा आनंद मला पुढे शाळेत पहिला नंबर आला तेव्हाही झाला नाही.

त्या कार्तिकातलं सांगायची गरज नाही, तरी सांगते. धुकं होतं. आई म्हणाली होती, आज नोको जाऊ, अंगात ताप हाय. तुम्ही गेलात. वेलात पाय गुंतला असेल, घेरी आली असेल, कोणी पाहिलं नाही. दुपारी डोंगा एकटाच काठाला लागला. टोपलीतले शिंगाडे जसेच्या तसे, बांबू आडवा ठेवलेला. आईने लोकांना हात लावू दिला नाही, स्वतः ओढून अंगणात आणला. त्या हिवाळ्यात काका सांगून सांगून थकले, "वहिनी, डोंगा निजव, नाईतर तडकन." आई एकच म्हणायची, "त्याले पाण्यात परत नाई टाकत." होळीपर्यंत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा चिरला. तिने त्याचं जळणही करू दिलं नाही. वाळवीने खाल्ला. तेव्हापासून आई तलावाच्या पाण्यात उतरली नाही. धुणं घरीच, विहिरीच्या पाण्यावर. मासेमार ढिवराची बाई तलावाकडे पाठ करून जगली, आणि गावातल्या कुणाची तिला विचारायची छाती झाली नाही.

परवा मी शिकवते त्या शाळेतून दुपारी घरी आले तर टायर रिकामे. लुगडं घडी करून ठेवलेलं. आई घरात नाही. तशीच तलावाकडे पळाले.

आई गुडघाभर पाण्यात उभी होती. शेजारची काकू काठावर हसून हसून बेजार. दोघींनी मिळून तो उचलून नेला होता. वजन ते काय त्याचं. आई त्यात गोटे ठेवत होती. दोन ठेवले की तो कलायचा, गोटे घरंगळून पाण्यात, आणि हा पुन्हा वर. आई त्याला शिव्या घालत होती.

"आई, काय करतेस?"

"निजवून राहिली. दिसत नाई का? अन् हे बुडूनच नाई राहिलं! तुह्या बाबाचा डोंगा कसा शहाण्यावानी खाली बसे."

"अगं, हे प्लास्टिक आहे. याला पाण्यात नाही ठेवत. सावलीत ठेवायचं फक्त."

"मले का मालूम!" ती ओरडली. मग हळू म्हणाली, "त्याचा मी तडकू देला. पोरीचा नाई तडकू देत."

काकूचं हसू थांबलं. मी चपला काढून पाण्यात उतरले. पाणी बर्फासारखं गार होतं आणि आईचे पाय किती वेळचे त्यात होते कोण जाणे. तिने दोन्ही तळहात पिवळ्या पाठीवर ठेवले आणि सगळं वजन टाकून दाबलं. तो खाली गेला, वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर आला.

"बुडतच नाई हे?"

"नाही. आत पोकळ आहे."

तिने पाण्यात पडलेला एक गोटा काढून काठावर टाकला. मग म्हणाली, "मंग जाऊ दे पोरीले होळीनंतर. ते पाण्यात तरंगवणारं नारिंगी जाकीट हाय ना तिचं खुंटीले, ते घालून जाय म्हणा."

मी तिला हात धरून वर आणलं. डोंगा आम्ही तिघींनी उचलून घरी नेला. आईने तो स्वतःच्या पदराने पुसला, कोरडा होईस्तोवर पुसला, आणि टायरांवर कुशीवर टेकवताना मलाच दटावलं, "घासू नोको, उचलून ठेव." अगदी तुमचा सूर. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

पण बाबा, तुमचा डोंगाही बुडला नव्हता. तो तरंगत काठाला आला, तुम्ही आला नाहीत. हे आईला कोणी शिकवायची गरज नाही, त्याला ओढून आणताना दोरी तिच्याच हातात होती. सगळं माहीत असून ती हो म्हणाली. इतकी वर्षं मला वाटत होतं की भीती आईची आहे आणि मी फक्त तिचं मन राखते आहे. पोरीला अडवायला आईचं 'नाही' मला फार सोयीचं होतं. आता ते राहिलं नाही.

तुम्हाला लिहिलेला हा कागद कुठे टाकायचा ते मला माहीत नाही. कयाकची बुचं उघडून आत सरकवला तर पोरीला सापडेल, म्हणून तेही नको. पोरीचा फोन काल आला होता, आजही आला. रोज विचारते, "डोंगा बरा आहे ना गं?" मी सांगते, बरा आहे, सावलीत आहे. आजी हो म्हणाली, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.