सुनंदाच्या नळीतली थुंकी

मी, काशीबाई कमळाकर भोईर, वय वर्षे शहात्तर, राहणार मोरिवली, अंबरनाथ, हे मृत्युपत्र पुऱ्या शुद्धीत सांगते आहे. मला अक्षर येत नाही, डोकं मात्र जागेवर आहे. शंका असेल त्याने समोर येऊन भांडून बघावं. लिहून घेते आहे माझी नात उन्नती. लिहिणारीच्या नावे काही ठेवू नका असं वकील म्हणाले, म्हणून घरदारात तिला काही नाही.

१. माझ्या दोन खोल्या मुलगा धर्मेश याला. पलीकडचा हिस्सा माझी जाऊ सुनंदा हिचा, तो तिच्याच नावावर आहे. चूल एकच आहे, ती एकच राहावी.

२. पाटल्या आणि विळी मुलगी यशोधरा हिला. विळी सुनंदाला मुळीच नाही. गेल्या श्रावणात तिने ती मला न विचारता शेजारी दिली, धार घालवून परत आणली आणि वर म्हणाली, "विळीच ती जाऊबाई, नवरा थोडाच दिला!"

३. आता थुंकी. उन्नती विद्यापीठात थुंकीवर शिकते. डोळ्यांना न दिसणारे कण ती थुंकीत टाकते आणि त्यावर उजेड सोडते. भाकरी चावता चावता गोड करणारं जे एन्झाइम तोंडात असतं, ते जितकं जोरात काम करतं तितके ते कण चमकतात. माणूस चिडला तरी ते वाढतं म्हणे. तिला सत्तरीपुढच्या वीस बायका हव्या होत्या. माझ्यासकट एकोणीस मिळाल्या, विसावी सुनंदा.

सुनंदा मला म्हणाली, "माझं उष्टं पोरीच्या हातात? मेले तरी देणार नाही." मला वाटलं, पोरीचं काम का अडावं? पन्नास वर्षं एका चुलीवरचं खातो, एका हंड्यातलं पितो, थुंकी काय निराळी असणार? तीन महिने रोज सकाळी थुंकायच्या दोन्ही नळ्या, माझी आणि सुनंदाच्या नावाची, मीच भरल्या.

काल उन्नतीने हौसेने वाचून दाखवलं, की एका घरातल्या दोन बायकांची थुंकी सारखीच चालते, भांडण झालं की दोघींची एकदम चढते. हे ती शुक्रवारी पुण्यात मोठ्या लोकांपुढे सांगणार आहे. अगं, विळीच्या भांडणानंतर सुनंदा मजेत घोरत होती. तीन दिवस जळत होते ती मी एकटी.

इथे उन्नतीचा हात थांबला. तेही लिहायला लावलं आहे.

"आजी, माझा अख्खा पेपर यावर उभा आहे गं!"

"म्हणूनच आज सांगते. मी मेल्यावर कळलं असतं तर कोणाला विचारलं असतंस?"

"सरांना काय सांगू?"

"आजीने लबाडी केली म्हणून सांग. माझ्या नावानिशी."

सबब हे कलम माझ्या मरणाची वाट न बघता आजपासून लागू. सुनंदाच्या नावाच्या सर्व नळ्या रद्द समजाव्यात. सुनंदा चौथी शिकलेली आहे, साक्षीदार म्हणून सही करील. म्हणजे त्या नळ्यांत तिची थुंकी नव्हती, ही तिचीही कबुली झाली. सही करण्याआधी ती उन्नतीला म्हणाली, "आण ती नळी. पण तू तिकडे तोंड कर."

उन्नती म्हणते, पुन्हा तीन महिने लागतील. तोवर मी कुठे जात नाही. बाकीच्या कलमांची कोणी घाई करू नये.

वाचून दाखवलं, ऐकलं, पटलं.

काशीबाई कमळाकर भोईर (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार:
१. सुनंदा जयदेव भोईर (सही)
२. हरिचंद्र पाटील, शेजारी (सही)

लिहून घेणार: उन्नती धर्मेश भोईर

मोरिवली, अंबरनाथ
९ नोव्हेंबर २०२५