प्लॉट शिल्लक आहेत

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज तुमच्याशीच बोलायचं आहे. कॉलनीच्या स्मरणिकेसाठी मी वाचनालयात जुने पेपर चाळते आहे. हे काम माझ्याकडं आलं ते मी बी.ए. झाले म्हणून, आणि शिकायचं वेड तुम्ही लावलंत. रविवारी सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसवून पेपर मोठ्यानं वाचायला लावायचात. "ऐकीव धरू नकोस, छापलेलं बघ," म्हणायचात. काकू मला चहा द्यायच्या तो तुमच्यासारख्याच कपबशीत, वेगळ्या नाही. या घरात जात नाही, असं मी मैत्रिणींना अभिमानानं सांगायची.

तुमचं घर आमच्या आबांनी बांधलं. वास्तुशांतीला तुम्ही त्यांना स्वतःच्या हातानं फेटा बांधताय, मी पाच वर्षांची, लाडू खात बघतेय. आबा धीर करून विचारतात, "सर, आमाला बी येक कोपऱ्याचा तुकडा गावंल काय? पैसं साठीवल्यात."

"प्लॉट संपले हो, मिस्त्री. पण हे घर तुमचंच समजा."

तो फेटा अजून आमच्या ट्रंकेत आहे.

पेपरात कॉलनी हळूहळू उभी राहते. माळावर आखणी झाली, नळ आला, रस्त्यावर म्हशी सोडू नयेत. वाचताना हसू येत होतं. मग तुमच्या वास्तुशांतीनंतरच्या महिन्यातली एक चौकट दिसली. 'काही प्लॉट शिल्लक आहेत. फक्त आपल्या समाजातील कुटुंबांनी चिटणीसांना भेटावे.' चिटणीस म्हणून खाली तुमचं नाव.

घरी गेले तर आबा वाटच बघत होते. "सरांचं नाव घावलं का पेपरात?"

"घावलं."

"मग! देवमाणूस त्यो. म्याच येडा, उशिरा इचारलं. चार दिस आधी गेलो आसतो तर कोपरा आपलाच हुता की."

इतकी वर्षं ते स्वतःलाच दोष देतायत, सर. तुम्हाला हे ठाऊक होतं का? दर रविवारी मी तुमच्यासमोर वाचत बसायची, तेव्हा तरी कधी आठवलं का?

जाहिरात स्मरणिकेत जशीच्या तशी घालणार आहे. त्याआधी आबांना वाचून दाखवायची आहे, आणि त्याचीच भीती वाटते. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. फक्त एवढंच, जाहिरात उतरवून घेताना तुमच्या नावापुढं, तिथं नसलेलं, 'सर' माझ्या हातून लिहिलं गेलं. अजून खोडलेलं नाही.