किल्ल्यांचं कापड

लोमे, गुरुवार दुपार

प्रिय आकोको,

सरहद्द बंद होऊन तीन आठवडे झाले आणि तू पलीकडे केटाला नणंदेच्या घरी अडकलीस. खोटं कशाला लिहू, पहिला आठवडा मला बरं वाटलं. पण दुकान तुझं बंद, तरी बाजारात येणारी प्रत्येक बाई मलाच विचारते, "किल्ल्यांचं कापड कधी येणार?" पसरलेला माल माझा, आणि विचारपूस तुझ्या मालाची.

देश स्वतंत्र होऊन झेंडा बदलला त्या वर्षी कापड कंपनीच्या साहेबाने तुला ती नक्षी दिली. पिवळ्यावर निळ्या किल्ल्या, आणि अख्ख्या लोमेत ते कापड फक्त तू विकायचं. मला काहीच नाही. आपण जुळ्या. आईने एकीला तळलेला गोळा दिला आणि दुसरीला नाही, असं कधी झालं नाही. ताप तुला आला तरी कडू काढा मलाही प्यावा लागायचा. ते सगळं त्या साहेबाने एका सहीत मोडलं, आणि तू मान डोलावून घरी आलीस.

म्हणून त्या कापडाला मी नाव दिलं. हो, मीच. बायकांनी नाव दिल्याशिवाय आपल्याकडे कापड चालत नाही, तेव्हा मी मासळीवालीच्या कानात सोडलं, 'बहिणीला कुलूप'. वाटलं, लोक तुला टोचतील. झालं भलतंच. बहिणीशी, जावेशी, सवतीशी जिचं जिचं बिनसलं होतं ती ती तेच कापड नेसून मिरवू लागली. तुझ्या दुकानापुढे झुंबड उडाली, वर्षभरात तू मोटार घेतलीस. माझ्या जळण्यावर तुझी चूल पेटली.

मंगळवारी कंपनीचा कारकून मेसान माझ्याकडे आला. म्हणाला, "मावशी, नवा माल बंदरात लागलाय. गुरुवारपर्यंत तुमची बहीण स्वतः आली नाही तर नक्षी दुसरीला जाणार. तुम्हीच येऊन मागा की. साहेब नाही म्हणायचा नाही." दोन दिवस मला जेवण गेलं नाही, आनंदाने. आज सकाळी आईचे मणी घालून गेले. मी कचरले असेन असं तुला वाटेल. मुळीच नाही.

साहेबाने मला आधी कधी पाहिलेलंच नव्हतं. त्याने खुर्ची पुढे सरकवली. "या आकोकोबाई, आलात एकदाच्या. कुठून वाट काढलीत?" मी तोंड उघडणार तोच पुढे म्हणाला, "आणि ते तुमच्या बहिणीचं. तीन वर्षं दर खेपेला डोकं खाल्लंत माझं, तिलाही नक्षी द्या म्हणून. घ्या, दिली. पुढच्या गुरुवारी दोघी या आणि शेजारी बसून सह्या करा."

तीन वर्षं, आकोको. आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. मी नाही म्हणेन याची भीती वाटली, की साहेबच नाही म्हणेल याची? मला राग आला, अजून आहे. मोठेपणा करायलाही तूच पुढे, आणि मी मात्र तुझ्या नावाने खडे फोडत बसलेली.

मी आकुएले आहे, एवढं म्हटलं असतं तर किल्ल्या आजपासून माझ्या एकटीच्या झाल्या असत्या. शब्द जिभेवर आला होता. मेसान दारात उभा राहून वाट बघत होता. मी लेखणी उचलली आणि मालाच्या पावतीवर तुझं नाव लिहिलं. मेसानला कळलं, तरी त्याने माल मोजून दिला. गठ्ठे तुझ्या दुकानात आहेत. त्यातला एकही मी सोडलेला नाही.

हे पत्र आणणाऱ्या कोळ्याची नाव मंगळवारी परत फिरते, तिच्यात बस. तुला समुद्र लागतो, ठाऊक आहे. लिंबू चघळ, पण ये. आज मी तुझ्या खुर्चीत बसून आले. गुरुवारी तिथे दोन खुर्च्या असतील, आणि मला एकटीला एकच भरता येते.

तुझीच, अजून धुसफुसणारी,
आकुएले