रंगखात्याची माती

मरोळ, अंधेरी (पूर्व)
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय केतनदादा,
सप्रेम जय भीम.

फोनवर बाबांचं नाव काढलं की तुझ्याकडे लगेच कोणीतरी दाराशी येतं, म्हणून पत्र लिहितेय. हसू नकोस. आई बरी आहे, गुडघे सोडून. परवा तिने धपाटे केले आणि ‘केतनला जाड लागतात’ म्हणत दोन जाड थापले. खाल्ले शेवटी मीच.

माझी नोकरी तीच आहे, साइट बदललीय. कुठली ते सांगितलं तर तू पत्र इथेच खाली ठेवशील, तरी सांगते. बाबा कामाला होते तो रंगाचा कारखाना. इतकी वर्षं पत्र्यांच्या आड बंद पडून होता. आता तिथे टॉवर येणार आहेत, आणि त्याआधी जमीन साफ करायचं काम आमच्या कंपनीला मिळालंय. ही साइट मी मागून घेतली. का, ते मलाच नीट सांगता येत नाही.

रंगखात्याखालची माती खणली तर जांभळी-काळी निघाली, हाताला शाईसारखी लागेल अशी. आम्ही तिच्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहाचे क्षार मिसळतो. माती फसफसते, तापते, वाफा निघतात आणि आतली विषारी रसायनं तुटत जातात. नीट तुटली तर शेवटी पाणी, वायू आणि थोडे क्षार एवढंच उरतं. पण पहिल्या फेरीनंतर विषाचा आकडा खाली यायच्या ऐवजी वर गेला. मी घाबरले. साहेब म्हणाले, ‘चिकणमातीला चिकटून बसलेलं आता सुटून येतंय, म्हणून जास्त दिसतंय. परत डोस दे.’ मी परत दिला. आता आकडा उतरतोय, पण एक तुटलं की त्याचं दुसरंच काहीतरी तयार झालेलं सापडतं, मग ते तोडायचं. सुधारतंय की बिघडतंय, हे सांगायचा पगार मला मिळतो, आणि कित्येकदा मलाच कळत नाही.

मागच्या महिन्यात बाबा साइटवर आले. मी नको म्हणत होते. हेल्मेट घालून कठड्यापाशी उभे राहिले, इथे टाक्या होत्या, इथे भट्टी, असं दाखवत बसले. मग म्हणाले, ‘ह्या मातीत काय सापडलं गं?’

‘बरंच काही.’

‘नाव सांग ना.’

मी सांगितलं. बेन्झिडीन. कॉलेजात असताना ‘ह्याने कॅन्सर होतो’ म्हणत तू जो शब्द घरी आणला होतास तोच. बाबांनी बाथरूम कुठेय ते विचारलं.

इथपर्यंत लिहून मी उठले, चहा केला, ओटा पुसला. आता लिहितेच. तिथला फ्लश चालत नव्हता, म्हणून मला दिसलं. रक्त. कधीपासून जातंय ते अजून सांगत नाहीत. आईलाही पत्ता नव्हता. सगळ्या तपासण्या झाल्या. मूत्राशयाचा कॅन्सर आहे, दादा.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी विचारलं, ‘आजोबा, काम काय करायचात?’ उत्तर मला ठाऊक होतं, पण बाबांच्या देखत तोंडातून निघेना. वाटलं, हे आता तेच म्हणणार. कारखान्यातली माणसं आजारी पडायला लागली तेव्हा आलेल्या चौकशीवाल्यांना म्हणाले होते ना, ‘आमच्या खात्यात सगळं ठीक होतं.’ त्या एका वाक्यावर तू घर सोडलंस.

बाबा म्हणाले, ‘रंगाचा कारखाना. पावडर हाताने भरायचो. रात्री झोपलो की उशी गुलाबी व्हायची. लिहून घ्या, मॅडम.’

रिक्षात बसल्याबरोबर मी भांडले. ‘मग तेव्हा का नाही बोललात? दादा हेच तर सांगत होता.’ मरोळ नाक्यापर्यंत ते बाहेर बघत होते. मग एकदम गावाकडच्या बोलीवर आले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं बोलताना फारसं ऐकलेलं नाही.

‘भाऊराव तवा खाटेवर होता. त्याले अन् चंद्रप्रकाशले मीच आणलं गावाहून. गावात आपल्याले पाणी वरून ओतत होते. इथं खात्यात उतरलं की सारे एकाच रंगाचे. मले वाटलं, पोरं चांगल्या जागी आणली. मग त्याईले काय सांगू, का इख मीच पाजलं?’

भाऊरावकाका त्याच वर्षी गेले. आपल्याला किडनीचं म्हणून सांगितलं होतं.

म्हणजे तू समजत होतास तसं बाबांनी मालकाला वाचवलं नव्हतं, दादा. कोणाला वाचवलं ते मात्र मला सांगता येत नाही. राग येतो, आणि धरून ठेवायला गेले की ते रिक्षात चष्मा पुसताना दिसतात. भाऊरावकाका तसेही वाचले नसते, असं स्वतःला समजावते. लगेच मनात येतं, बाकीच्यांचं काय? त्या वेळी खरं बोलले असते तर किती जण वेळेवर तपासून आले असते? तू बरोबर होतास. हे लिहून मोकळं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

गेल्या रविवारी बाबांनी मला बोरीवलीला नेलं, चंद्रप्रकाशकाकांकडे. विमलाकाकूंनी पोहे केले. बाबांनी बशी हातात घेतली नाही. ‘चंद्या, मला कॅन्सर झालाय. खात्यातल्या रंगाने. तूपण तपासून घे. मी आधीच सांगायला पाहिजे होतं.’ काकूंनी टीव्ही बंद केला, आत गेल्या, त्या आम्ही निघेपर्यंत बाहेर आल्याच नाहीत. काकांनी स्वतःचे तळहात पाहिले. मग एवढंच म्हणाले, ‘दुखतं का रे फार?’ बाबांना रडू आलं. मी पहिल्यांदा पाहिलं.

बुधवारी काका तपासणीला आले, बाबाच सोबत गेले. काकांना काही निघालं नाही. दोघं खालच्या टपरीवर चहा पीत बसले होते, पूर्वी पाळी सुटल्यावर बसत असतील तसे. काकू अजून बाबांशी बोलत नाहीत. त्यांचं काही चुकतंय असंही मला म्हणवत नाही.

येत्या शुक्रवारी बाबांचं ऑपरेशन आहे. त्यांनी तुला बोलवायला सांगितलेलं नाही. ‘त्याला कळव,’ एवढंच म्हणाले. ये, हे माझं म्हणणं आहे. आलास तर ‘मी सांगितलं होतं’ म्हण हवं तर, तो तुझा हक्क आहे. फक्त दारातून म्हणू नकोस. आत ये, बस, आईच्या हातचं पाणी घे, आणि मग म्हण.

तुझीच, आणि त्यांचीही,
चेतना