तीन कोटेशनं आणि मधली खुर्ची

गंगापूर रोड, नाशिक
शुक्रवार, दुपार

तीर्थस्वरूप खंडेरावमामा यांच्या चरणी भाचा दीपक याचा गुडघे टेकून नमस्कार (माझे अजून टेकतात, तुमचा उजवा काय म्हणतो ते कळवा). सिंधुमामींचा खोकला थंडीत डोकं वर काढतो, तेव्हा त्यांना सकाळी लवकर अंगणात जाऊ देऊ नका. मी सांगितलं म्हणून त्या ऐकणार नाहीत, पण पत्रात लिहिलं की जबाबदारी तुमच्यावर येते. इकडे मी आणि हर्षाली मजेत आहोत, म्हणजे मागच्या शनिवारपर्यंत होतो.

फोन सोडून पत्र कशाला, असं मनात आणू नका. मागच्या वेळी आपण फोनवर वीस मिनिटं बोललो. मी तुमच्या मेहुण्यांच्या, दादांच्या वर्षश्राद्धाबद्दल बोलत होतो आणि तुम्ही बहुधा विहिरीवरच्या मोटारीबद्दल. दोघांनाही बोलल्याचं समाधान वाटलं, निरोप मात्र पोचला नाही. चाळीस वर्षं मालेगावात लग्नं, उरूस आणि गणपतींना कर्णे पुरवले, त्या माणसाच्या कानांकडून आता आणखी काम मागणं बरं नव्हे. म्हणून चष्मा लावा आणि सावकाश वाचा.

विषय तुमच्याच धंद्यातला आहे. उज्वलाताईच्या यजमानांची दूर बदली झाली आणि जाताना त्यांनी घरच्या घरी थिएटर करायचे पाच स्पीकर आमच्या हॉलमध्ये आणून ठेवले, पुढे तीन आणि मागे दोन. ते चालवायला रिसीव्हर लागतो. तुमच्या भाषेत अ‍ॅम्प्लिफायरच, फक्त जास्त शिकलेला. टीव्हीतला आवाज फोडून कोणत्या स्पीकरला किती द्यायचा ते तो ठरवतो. त्यांचा रिसीव्हर जळाला होता, तेव्हा नवा मी घ्यायचा असं ठरलं. आता सातपूरच्या कारखान्यात खरेदी विभागात माझी बावीस वर्षं गेली. तीन कोटेशनं आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता झाल्याशिवाय मी घरात केरसुणीसुद्धा येऊ देत नाही. (हर्षाली पाहुण्यांना सांगते की मुली पाहतानाही मी तीनच पाहिल्या. खरं आहे. तिसरी तीच, आणि ती सगळ्या रकान्यांत पुढे होती हे मी तिला लेखी दिलेलं आहे.)

इथल्या द्वारका चौकाजवळ रविराजचं दुकान आहे. त्याने आधी बजेट विचारलं. मी म्हटलं, तीन बजेट आहेत, हर्षालीचं, माझं आणि तुझं. तो गुणी माणूस, त्याने तिन्ही काढून दाखवले. हर्षालीच्या बजेटचा अठ्ठावीस हजारांचा, माझ्या बजेटचा पासष्ट हजारांचा आणि रविराजच्या बजेटचा पावणेदोन लाखांचा. तो म्हणाला, खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका, तो आकडा एकदोनच स्पीकर वाजवून काढलेला असतो, पाचही जोडले की खाली येतो. (हे मी आठवीत असताना तुमच्याकडून शिकलो होतो, पण बिचाऱ्याला बोलू दिलं.) आमच्याएवढ्या हॉलला पहिला पुरतो. पुढेमागे छतात आणखी स्पीकर टाकायचे असतील तर दुसरा. तिसरा ज्यांना हॉलही नवा बांधायचा आहे त्यांच्यासाठी. मी तिन्ही घरी नेऊन ऐकतो म्हटलं. आमच्या कारखान्याचं काम त्याला मिळत असल्यामुळे त्याने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली.

आता नीट वाचा, मामा. या प्रत्येक यंत्राबरोबर वायरीला लावलेला एक माईक येतो, पेढ्याएवढा. ऐकणारा जिथे बसणार तिथे, त्याच्या कानाच्या उंचीवर तो ठेवायचा आणि खोलीत सगळ्यांनी गप्प राहायचं. मग यंत्र एकेका स्पीकरमधून हूऽऽप असा आवाज सोडतं, माईकने तो ऐकतं आणि कोणाला किती वाढवायचं ते ठरवतं. तुम्ही मंडपात बाकावर उभे राहून टोकाच्या माणसाला आवाज पोचतोय का म्हणून ओरडून विचारायचात, ‘आवाज ई ऱ्हायना का रे?’ आणि तो हात वर करायचा. हे काम आता यंत्र एकटं करतं. शांतता हवी म्हणून मी शनिवारी दुपारी तीनची वेळ धरली. पंखा बंद, फ्रिज बंद, हर्षालीचा मोबाईलही बंद (याला फ्रिजपेक्षा जास्त वेळ लागला). माईक ठेवायची जागा म्हणजे सगळ्या स्पीकरांच्या बरोबर मध्ये, आणि तिथे दादांची वेताची खुर्ची आहे. गेल्या मार्गशीर्षात ते गेल्यापासून तिच्यावर कोणी बसलेलं नाही. असं काही ठरवलेलं नाही. बसायला जावं आणि काहीतरी काम आठवावं, असं दोघांचं होतं. मी खुर्चीवर दोन डबे रचले, वर माईक ठेवला आणि आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिलो.

पहिला अठ्ठावीस हजारांचा. त्याने पडद्यावर लिहिलं की खोलीत आवाज आहे, शांतता राखा. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मी खिडक्या लावल्या, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. तिसऱ्यांदा तेच. माईक उचलून बाजूच्या सोफ्यावर ठेवला तर पहिल्या फटक्यात पास. परत खुर्चीवर ठेवला की खोलीत आवाज आहे. मी कान देऊन ऐकलं, मला काही ऐकू येईना. मग वैतागून, अगदी सवयीने, माझ्या तोंडून निघून गेलं, ‘दादा, दोन मिनिटं जरा गप्प बसा ना.’ आणि यंत्र पास झालं. हर्षालीने माझ्याकडे पाहिलं, मी फ्रिजकडे पाहिलं. तो बंदच होता.

निकालात त्या यंत्राने डावीकडचे दोन्ही स्पीकर सहा डेसिबलने वाढवले होते. उजवीकडे शून्य. म्हटलं, स्वस्तातला माल आहे. दुसरं जोडलं, आणि आधीच हळू आवाजात विनंती करून ठेवली. डावीकडे सहा. पावणेदोन लाखवाल्याने डावीकडे सहा तर केलेच, शिवाय बोलणं स्पष्ट ऐकू यायची एक सोय असते ती त्याने न विचारता चालू करून ठेवली. पुस्तिकेत लिहिलंय की ती कानांनी अधू असलेल्यांसाठी आहे. मी तक्ता मांडला आणि बघत बसलो. मामा, माझ्या धंद्यात तीन पार्ट्यांचा आकडा तंतोतंत जुळला की एकच अर्थ असतो, तिघांनी आधी बाहेर भेटून चहा घेतलेला असतो. पण ही तीन यंत्रं तीन निरनिराळ्या देशांतून आलेली. ती कोणाला भेटली असतील?

रविराज फोनवर म्हणाला, डाव्या हाताला बाल्कनी असेल, आवाज तिकडून पळतो. बाल्कनी आहे. आम्ही दार लावून दोन गाद्या आणि चार गोधड्या टांगल्या (सोसायटीत चर्चा आहे की आमच्याकडे ढेकूण झालेत). खुर्चीवर सहाच. सोफ्यावर ठेवला की डावं उजवं समान. तेव्हा हर्षाली म्हणाली, अहो, खुर्ची फिरवून बघा. मी खुर्ची होती तिथेच उलटी केली, टीव्हीकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड. माईक त्याच जागी, त्याच उंचीवर. या माईकला पुढचं मागचं नसतं, तो छताकडे बघतो. स्पीकर हलवले नाहीत, गोधड्या हलवल्या नाहीत. यंत्राने आता उजवीकडे सहा वाढवले आणि डावीकडे शून्य.

आम्ही दोघांनी मिळून खुर्ची झटकन पूर्ववत केली, कारण थोर माणसाला असं भिंतीकडे तोंड करून बसवणं वाईटच दिसतं. हर्षाली ‘चुकलं’ म्हणाली, आणि ते मला उद्देशून नव्हतं. सहा वाजता तिने चहा केला, तीन कप. तिसरा खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवला आणि साय आल्यावर उचलून नेला. तेव्हापासून रोज ठेवते.

तुम्हाला एक गोष्ट सांगितली नव्हती. शेवटी शेवटी दादा टीव्हीचा आवाज बेचाळीसवर ठेवायचे. एकदा माझी घरून ऑफिसची मीटिंग चालू होती आणि मी सगळ्यांदेखत ओरडलो, दादा, बंद करा तो बाजार. त्यांनी आवाज शून्यावर आणला. पुढे चौदा महिने तो शून्यावरच राहिला. ते बातम्या बघायचे, कीर्तन बघायचे, क्रिकेट बघायचे, सगळं मुकं. मी शेजारून जाताना म्हणायचो, वाढवा की थोडा, आणि ते हात हलवून म्हणायचे, दिसतंय ना सगळं. मला ते सोयीचं वाटायचं. आज त्याची लाज वाटते, मामा, इतकी की हे पत्रात लिहितोय तेच बरं, तोंडाने सांगवलं नसतं. कानाच्या यंत्राचं मी मनावर घेतलं होतं, नाही असं नाही. दोन कोटेशनं आली होती. तिसऱ्या पार्टीने उशीर केला, आणि तेवढ्यात दादा गेले.

असो. तिन्ही रिसीव्हर सध्या हॉलमध्ये मांडून ठेवलेत. संध्याकाळी बातम्या लावतो तेव्हा सोफ्यावरून आवाज डावीकडे कलंडल्यासारखा वाटतो, आमचं अर्धं लक्ष त्यातच जातं. पण मी तो सरळ केलेला नाही, कारण आम्ही बाजूला बसतो. मध्ये बसणाऱ्याला तो बरोबर लागत असेल. तिघांतला कोणता घ्यावा यावर तुमचा अनुभवी सल्ला पाठवा. मामींना नमस्कार, आणि गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा भाचा,
दीपक

ता. क. : एक बारीकशी माहिती हवी होती. दादांचा अधू कान कोणता होता, डावा की उजवा? हर्षाली डावा म्हणते, पण ती तक्ता पाहिल्यानंतर म्हणायला लागली. ताई उजवा म्हणते, पण ती सासरी गेली तेव्हा त्यांचे दोन्ही शाबूत होते. मी सगळा जन्म त्यांच्याबरोबर एका घरात काढला आणि मला माहीत नाही. लग्नाकार्यात तुम्ही आठवणीने त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसायचात, म्हणून तुम्हाला विचारतो. (अल्बम काढून पाहिले. एका फोटोत तुम्ही त्यांच्या डावीकडे आहात, एकात उजवीकडे, आणि बाकी सगळ्यांत जेवताय.)

ता. क. २ : वर तिसऱ्या पार्टीबद्दल लिहिलं ते खरं नाही. त्यांचं पत्र सगळ्यांत आधी आलं होतं. मी मागणीपत्रात ‘कानाचं यंत्र, एक नग’ एवढंच लिहिलं होतं आणि त्यांनी उलट विचारलं होतं, कोणत्या कानासाठी? संध्याकाळी दादांना विचारू म्हणून मी तो कागद टेबलावर ठेवला. ते गेले त्या दिवशी तो तिथेच होता, त्यांच्या खुर्चीपासून चार पावलांवर.

ता. क. ३ : डावा असेल तर पावणेदोन लाखांचाच घेतो. हर्षालीला विचारलं, ती लगेच हो म्हणाली. उजवा असेल तर उत्तर पाठवू नका, मामा.