अडीच मिलिग्रॅम लोह

गुरुवार, ७ मार्च. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. खरं तर कालच सुरू करणार होतो, पण काल राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपासाचा पहिला दिवस, मांस बंद. मांसाशिवाय या वहीला अर्थ नाही.
झालं असं. गेले काही महिने मला थकवा येतो. एकसष्टाव्या वर्षी येणारच. पण बायकोने, देल्फिनाने, हट्टाने दवाखान्यात नेलं. तिथे नवी डॉक्टर आहे, इराला नावाची, आमच्या मुलीच्या, मोइराच्या वयाची. पोट दाबलं, हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, "दॉन सिरिलो, या रक्ताच्या टेस्ट लगेच करून घ्या. आणि तोवर लाल मांस जरा कमी करा. कोंबडी खा."
कोंबडी! मी एकतीस वर्षं गुरांच्या बाजारात काट्यावर काढली. बैल नुसता समोरून गेला तरी पाच किलोच्या फरकाने वजन सांगतो. आमचा हा पंपासचा गवताळ मुलूख काय कोंबड्यांनी उभा केला?
जेवायला उबाल्दो आला होता. देल्फिनाचा भाऊ. कोंबड्यांच्या चार शेड आहेत त्याच्या. ऐकून इतका हसला की टेबल हललं. "दाजी, आता डॉक्टरसुद्धा माझ्या पार्टीत!"
तिथेच पैज लागली. साठ दिवस. मी रोज स्टेक, तो रोज कोंबडी. दर रविवारी त्याच्या अंगणात पन्नास किलोचं खाद्याचं पोतं खांद्यावर घेऊन गेटपासून शेडपर्यंत फेऱ्या. ज्याच्या फेऱ्या जास्त, त्याचं मांस खरं.
टेस्ट साठ दिवसांनंतर. मध्येच केली तर प्रयोग शास्त्रीय राहणार नाही.

शुक्रवार, ८ मार्च.
उपासाच्या काळातला शुक्रवार. देल्फिनाने मासे केले. मी स्टेक खाल्ला. मी मांस खात नाहीये, औषध घेतोय. पाद्र्याला विचारलं नाही. त्याला शास्त्रातलं काय कळतं.
मोइरा शाळेत विज्ञान शिकवते. तिच्याकडून रीतसर तक्ता करून घेतला आणि फ्रिजवर लावला. शिजवलेलं शंभर ग्रॅम मांस. स्टेक: प्रथिनं सत्तावीस ग्रॅम, चरबी अकरा. कोंबडीची छाती, कातडी काढून: प्रथिनं एकतीस, चरबी साडेतीन.
मी म्हटलं, चुकलीस, आकडे उलटे लिहिलेस. तिने पुस्तक दाखवलं. प्रथिनं खरंच कोंबडीत जास्त. पण कातडी काढून मोजायचं म्हणजे काय? मग माझीही कातडी काढा, मीही बारीक दिसेन.
खालची ओळ मात्र महत्त्वाची. लोह: स्टेक अडीच मिलिग्रॅम, कोंबडी एक. आणि बी-बारा तर कोंबडीत नावाला. मोइरा असंही म्हणाली की मांसातलं लोह अंगाला लवकर लागतं.
थकवा म्हणजे लोहाची कमतरता. हे शाळेतलं पोरही सांगेल. त्यासाठी रक्त कशाला काढायचं? असलेलं लोहही जायचं.

रविवार, १० मार्च.
पहिला सामना. मी नऊ फेऱ्या, उबाल्दो आठ. पुरावा आणखी काय हवा! येताना गाडीत डुलकी लागली. गाडी देल्फिना चालवत होती.

रविवार, १७ मार्च.
संत पॅट्रिकचा दिवस. क्लबात आम्ही सगळी आयरिश वंशाची मंडळी जमलो. सकाळच्या सामन्यात मी सात, उबाल्दो आठ. माझं पोतं दमट होतं.
क्लबात सगळे म्हणाले, सिरिलो, रंग काय छान आलाय, समुद्रावर जाऊन आलास की काय? मी म्हटलं, समुद्र नाही, लोह. खरोखरच रंग आलाय. तांब्यासारखा. कपड्यांच्या आत जिथे ऊन लागत नाही तिथेही आलाय, पण ते सांगितलं नाही.
मॉली आत्याने मात्र रसभंग केला. नव्वदीची आहे, दिसतं कमी. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून खूप वेळ बघत बसली. मग म्हणाली, "अगदी लुसियोसारखा दिसायला लागलास रे." आणि माझ्या कपाळावर क्रूस काढला.
लुसियो माझा थोरला भाऊ. देखणा होता. मी कौतुक समजून घेतलं. देल्फिनाने लगेच माझा कोट आणला, घरी चल म्हणाली.

मंगळवार, २६ मार्च.
आता दिवसातून दोन वेळा स्टेक. एका वेळेने लोह पुरत नसावं. स्टेकनंतर दोन संत्री. लोह त्याने नीट जिरतं असं मोइराच्याच पुस्तकात आहे. शिवाय दोन ग्लास लाल वाइन. हे पुस्तकात नाही, पण रंगावरूनच कळतं.
बोटांचे सांधे धरलेत. पहिली दोन बोटं, दोन्ही हातांची. ताकद हातात उतरते तेव्हा असं होत असणार.

शनिवार, ६ एप्रिल.
वजन केलं. मार्चच्या सुरुवातीला ब्याऐंशी होतो, आज काटा पंचाहत्तर दाखवतो. काटा बिघडलाय. मी स्वतः उघडून पाहिला, स्प्रिंग साफ केली, पुन्हा उभा राहिलो. पंचाहत्तर. देल्फिनाला उभं केलं, तिचं वजन बरोबर आलं. म्हणजे काटा बायकांचं वजन बरोबर दाखवतो आणि पुरुषांचं चूक. असा बिघाड एकतीस वर्षांत पाहिला नव्हता.
देल्फिना म्हणाली, "सिरिलो, तुझ्या पाया पडते, ती टेस्ट करून घे."
म्हटलं, महिनाभराचा प्रश्न आहे.
"तुझ्या भावाच्या वेळीही महिनाभराचाच प्रश्न होता," असं म्हणून ती भांडी घासायला गेली. भांडी आधीच घासलेली होती.

रविवार, १४ एप्रिल.
मी चार, उबाल्दो नऊ. चौथ्या फेरीत मध्येच बसलो. मुद्दाम. पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवलं.
उबाल्दो जिंकला की एरवी कोंबड्यासारखा आरवतो. आज आरवला नाही. पोतं माझ्या खांद्यावरून उतरवून म्हणाला, "दाजी, पैज सोडून देऊ. तुम्ही जिंकलात असं मी क्लबात सगळ्यांना सांगतो."
म्हणजे घाबरला! आता तर मुळीच सोडणार नाही.
मागे वळून पाहिलं तर भाऊ-बहीण गेटपाशी उभे राहून हळू आवाजात बोलत होते. मी जवळ गेल्यावर हवेचा विषय काढला.

गुरुवार, २ मे.
साठ दिवस रविवारी संपतात. पण मध्ये ईस्टरचा रविवार गेला, एका रविवारी पाऊस होता, एकदा माझं पोट दुखत होतं. प्रयोग तीस दिवस वाढवला. उबाल्दोने फक्त मान हलवली. त्याने पैज म्हणून नव्हे, आवडते म्हणून कोंबडी खायला सुरुवात केली आहे. चांगला गुटगुटीत दिसतो.
उजव्या बरगडीखाली जड वाटतं. दगड ठेवल्यासारखं. स्टेक पचायला वेळ लागतो, तेवढंच. तहान फार लागते. दिवसाला पाण्याचे सहा जग. म्हणजे मूत्रपिंडं उत्तम चालू आहेत.
औषधाच्या दुकानातून लोहाचं टॉनिक आणलं. दिवसाला दोन चमचे लिहिलंय, मी चार घेतो. मुळाशीच घाव घालायचा. बाटली कपाटात कोटामागे ठेवली आहे. देल्फिनाला उगाच काळजी नको.
बाटली लपवताना लुसियो आठवला. चोपन्नाव्या वर्षी यकृत खराब होऊन गेला. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, दारू. लुसियो शेवटपर्यंत म्हणत होता, मी पीत नाही. मी त्याचा गोठा शोधला, गवताची गंजी उपसली, खोगिरांच्या खाली पाहिलं. एक बाटली सापडली नाही. लपवण्यात फार हुशार होता. तो अंथरुणावर असताना मी त्याला म्हटलं होतं, आता तरी खरं बोल. तो भिंतीकडे तोंड करून झोपला.
त्याचाही रंग तांब्यासारखा झाला होता. उन्हात काम करायचा.

बुधवार, १५ मे.
मातेचा, आमच्या कडू चहाचा, थर्मास उघडता आला नाही. मोइरा उघडायला आली तर तिला म्हटलं, झाकणच वाकडं आहे. तिने दोन बोटांनी उघडलं. मग तिथेच बसून रडायला लागली. शाळेत ताण असतो तिला.
तक्त्याकडे बघत बसलो. अडीच आणि एक. मी रोज किलोभर खातो. म्हणजे पंचवीस मिलिग्रॅम. वर टॉनिक. एवढं लोह जातंय कुठे?

शनिवार, २५ मे.
राष्ट्रीय दिन. बाहेर पताका. अंगणात आग मी पेटवली, लाकूड मी निवडलं, बरगड्यांचा मोठा तुकडा जाळीवर मी ठेवला. उबाल्दोला मुद्दाम बोलावलं होतं, गोमांसाचा वास घेऊ दे म्हणून.
तेवढ्यात जमीन वर आली. असंच लिहितो, कारण मी पडलो असं मला आठवत नाही.
नंतरचं आठवतं. उबाल्दोने मला खांद्यावर टाकलं आणि गाडीपर्यंत नेलं. ऐंशी पावलं, मध्ये एकदाही न थांबता, मला खाली न टेकवता. धापसुद्धा लागली नाही त्याला. मी त्याच्या पाठीवर उलटा लटकत होतो, म्हटलं, "किती वाटतं रे?"
"काय?"
"वजन."
तो थांबला नाही. म्हणाला, "गप राहा, दाजी."
माझ्या अंदाजाने चौसष्ट. दवाखान्यातल्या काट्याने साडेत्रेसष्ट दाखवलं. नजर अजून शाबूत आहे.
रक्त घेतलं. माझी परवानगी कुणी विचारली नाही. डॉक्टरने काय काय खातो-पितो ते विचारलं, देल्फिना बाहेर होती म्हणून टॉनिकचंही सांगितलं.

मंगळवार, ४ जून.
रिपोर्ट आले. डॉक्टर इरालाने मला, देल्फिनाला आणि मोइराला बसवलं. कमतरता नाही. उलट आहे. माझ्या अंगात लोह साठलंय. एका आकड्यावर तिने बोट ठेवलं. निरोगी माणसाचा तीनशेच्या आत असतो, माझा चार हजार दोनशे. जन्मजात खोड. अंगाला लोह बाहेर टाकता येत नाही, ते आत बसत राहतं. कातडीत, सांध्यांत, स्वादुपिंडात, यकृतात. आयरिश घराण्यांत पुष्कळ सापडतं म्हणाली.
"थकवा कधीपासून?" तिने विचारलं.
मी म्हटलं, असाच, अलीकडे. देल्फिनाने महिना सांगितला, वार सांगितला, मी तिला त्या दिवशी काय उत्तर दिलं होतं तेही सांगितलं.
मग डॉक्टरने घरात आणखी कुणाला यकृताचा त्रास होता का ते विचारलं. मी लुसियोबद्दल सांगितलं. पीत होता, असंही सांगितलं.
"पिताना कुणी पाहिलं होतं?"
कुणी नाही.
"मग बहुतेक पीत नव्हते, दॉन सिरिलो. त्यांनाही हाच आजार असणार, तो कुणी ओळखला नाही."
हिवाळा लागलाय, खोलीत हीटर चालू होता. उठून तो जरा कमी केला.
शेवटी मी विचारलं, मार्चपासून कोंबडी खाल्ली असती तर? मला वाटलं, ती ओरडेल. ती नाही ओरडली. म्हणाली, "स्टेक असो नाहीतर कोंबडी, फार फरक पडला नसता. हे तीस-चाळीस वर्षांचं साठलेलं आहे. वाइनने आणि टॉनिकने मात्र नुकसान केलं. आणि मार्चमध्ये टेस्ट केली असतीत, तर तीन महिने हातात आले असते."
टॉनिकचं नाव निघताच देल्फिनाने माझ्याकडे पाहिलं. "कसलं टॉनिक?"
यकृत किती वाचेल ते माहीत नाही. जेवढं कडक झालंय ते पुन्हा मऊ होत नाही, एवढं डॉक्टर म्हणाली.

रविवार, ९ जून.
देल्फिनाने मला स्मशानात नेलं. फुलं तिनेच घेतली होती. लुसियोपाशी उभा राहिलो. "तू पीत नव्हतास," असं म्हटलं. थंडी खूप होती, दोघंही फार थांबलो नाही.
तक्ता फ्रिजवरून काढला. कुणी काढायला सांगितलं नव्हतं.

शुक्रवार, २८ जून.
उपचार एकच: दर आठवड्याला अर्धा लिटर रक्त काढायचं. वर्षभर, कदाचित दोन. आज तिसरी खेप.
मोइराचा रिपोर्टही आज मिळाला. खोड तिच्यात आलीये, पण एकेरी, फक्त माझ्याकडून; माझ्यासारखी आई-बाप दोघांकडून दुहेरी नाही. तिला काही होणार नाही. देल्फिना दवाखान्याच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसली ती बराच वेळ उठलीच नाही. उबाल्दोने तिच्या हातात माते चहाचा कप दिला आणि शेजारी उभा राहिला.
मी आत पलंगावर. पिशवी हळूहळू भरत होती. गडद, घट्ट, छान रंग. तीन महिन्यांचे उत्तम स्टेक होते त्यात, वर संत्री. जरा बरं वाटलं. या तालुक्यात इतकं लोह असलेलं रक्त दुसऱ्या कुणाचं नसेल. एखाद्या अशक्त बाईला, बाळंतिणीला दिलं तर उठून उभी राहील. पैज हरलो तरी माल पहिल्या प्रतीचा.
नर्सला विचारलं, हे कुणाला जाणार?
ती सुई काढून कापूस दाबत होती. म्हणाली, "कुणाला नाही, दॉन सिरिलो. यकृत खराब असलेल्या माणसाचं कुणाला देता येत नाही."
"मग करता काय याचं?"
तिने पिशवीवर नाव लिहिलं, गाठ मारली आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या लाल डब्यात टाकली. म्हणाली, "हात वाकवून ठेवा. पुढच्या शुक्रवारी आठ वाजता."