बारा-बारा पावलांचं गवत

क्रोमार्टी फर्थ, स्कॉटलंड
१६ सप्टेंबर १९९२, बुधवार

चि. मीनलला बाबांचे अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. आईचा गुडघाही बरा आहे. ती वॉटफर्डलाच आहे. ब्रिस्टलला तुझ्या हातात स्कॉटलंडच्या शिक्क्याचं पाकीट पडेल, तर घाबरू नकोस. माधवकाकाला घेऊन चार दिवस हवापालटाला जातो, असं तिला सांगून आलोय. तुला खरं सांगतो, कारण पोटात राहतच नाहीये: मीनल, तुझं समुद्रगवत सापडलं! तुझ्या नकाशात जिथे प्रश्नचिन्ह आहे ना, तिथेच!

सकाळी ओहोटीला उतरलो. रबरी बूट, कमरेला दोर, दोराचं टोक काठावर माधवकाकाच्या हातात. वारा असा गार, की नाक आहे की गेलं ते चाचपून पाहावं. दहा पावलांत चिखल पोटरीला आला. मागून काका ओरडतोय, "शश्या, मी जन्मभर माणसं झोपवली, उठवायचं काम माझं नव्हे! परत फीर!" रिटायर्ड भूलतज्ज्ञाच्या हाती जीव देऊ नये, हे आज शिकलो.

तुझी रेघ जुन्या दगडी धक्क्यापासून निघते आणि एकशे अडुसष्ट पावलांवर थांबते. 'पुढे चिखल फार मऊ, पाहणी नाही,' असं तू तिथे लिहिलंयस. मी पुढे गेलो. ओढा समुद्राला मिळतो तिथलं पाणी बोटाने चाखलं. मचूळ! आणि मान वर केली तर हिरवी पातीच पाती, ओल्या केसांसारखी, सगळी समुद्राकडे विंचरलेली. एक सुटलेली पात उचलून भिंगातून पाहिली. टोकाला खाच! तू लिहिलीस तश्शी. मी तिथेच टाळ्या पिटल्या. काकाला वाटलं, बुडतोय. त्याने दोराला असा हिसका दिला, की मी चिखलात बसलोच.

ज्यांच्याकडे उतरलोय त्या मिसेस मन्‍रोंनी दारातच विचारलं, "डॉक्टर, चिखलात पेशंट होता का?"

"होता," म्हटलं, "ठणठणीत आहे."

आता तू विचारशील, बाबांकडे नकाशा कुठून? तू १९८७ला थीसिस पाठवलास. स्टडी आवरताना तो जर्नल्सच्या गठ्ठ्याखालून निघाला, असं लिहिणार होतो. निघाला नाही गं. मीच ठेवला होता. पाकीट न फोडता.

मेडिकल तिसऱ्या वर्षाला सोडून तू गवत मोजायला निघालीस, तेव्हा मी काय बोललो ते तुला पाठ असेल. मलाही आहे. पुढे फोनवर तू विचारलंस, "बाबा, वाचलात?" मी म्हटलं, "थांब, आईला देतो." पाच वर्षं दर रविवारी तेवढंच म्हणत आलो.

जूनमध्ये फोडलं. निम्मं कळलं नाही. शेवटी तुझ्या वहीची पानं जोडलेली होती: चोवीस पावलं, साठ पावलं, एकशे अडुसष्ट. सगळे आकडे बाराच्या पटीत. का? चहा गार होईपर्यंत पाहत बसलो. मग बोटांनी आपसूक टेबलावर ताल धरला. भुजंगप्रयात! ओळीला बारा अक्षरं, अक्षराला एक पाऊल. घरापासून तुझ्या शाळेपर्यंत आपण असेच जायचो, कविता म्हणत; रस्ता ओलांडून देणारी लॉलीपॉप लेडी हसायची. आमच्या गुरुजींनी छडीच्या तालावर शिकवलेलं वृत्त तू या गारठलेल्या चिखलात एकटी म्हणत चालली होतीस, आणि मी ते पाकिटात कोंडून ठेवलं.

चुकलो, मीनल.

आज मीही म्हणतच गेलो. चौदा ओळी तुझ्या, पुढच्या पाच माझ्या. पण माझी पावलं आता आखूड पडतात, तेव्हा माझं अंतर खरं धरू नकोस. ते तुलाच येऊन मोजावं लागेल. दोर मी धरीन.

पात सोबत ठेवली आहे. रविवारी मी घरी असेन. तुझा फोन आला की मीच उचलीन, आणि आईला देणार नाही.

तुझ्या ओळीत उशिरा सामील झालेले,
बाबा